नकार किती आले, ते विचारा: नैतिकता समित्यांच्या सदस्यांना खुले पत्र

प्रति,
माणसांवरील वैद्यकीय संशोधनाला मान्यता देणाऱ्या नैतिकता समित्यांचे अध्यक्ष, सचिव आणि सर्व सदस्य

सविनय नमस्कार.

तुमच्या बैठकीपुढे फाईल येते तेव्हा तिच्यात प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचा लेखी आराखडा असतो, संशोधकांसाठीची औषधाची माहितीपुस्तिका असते, विम्याचा कागद असतो आणि संमतीपत्र असते. लाल शाई सर्वांत जास्त पडते ती संमतीपत्रावर. हा शब्द जड आहे, ते वाक्य लांब आहे, इथे दूरध्वनी क्रमांक राहिला आहे. मग मान्यता मिळते आणि वर्षभराने प्रगती अहवाल येतो. किती सहभागी घेतले, किती मध्येच गळले, किती गंभीर प्रतिकूल घटना घडल्या, हे सगळे त्यात असते. ज्यांना विचारले आणि ज्यांनी 'नको' म्हटले, त्यांचा रकाना मात्र बहुतेक अहवालांत नसतो, आणि तो का नाही असे बैठकीत कोणी विचारत नाही. हे पत्र त्या एका रकान्यासाठी आहे.

आम्ही क्लिनिकल ट्रायलच्या रोजच्या कामातली माणसे आहोत: डॉक्टर, समन्वयक, परिचारिका, संख्याशास्त्रज्ञ. संमती मोकळेपणाने दिली गेली की नाही हे सहीवरून कळत नाही. त्याच दारातून काहीजण सही न करता, आणि उपचारांत काहीही फरक न पडता, बाहेर पडले असतील, तर थोडेफार कळते.

एक जुनी ट्रायल पाहा. गुडघ्याच्या संधिवातावर दुर्बिणीतून केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेचा अमेरिकेतल्या ह्यूस्टनमधला हा अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. 180 रुग्णांचे तीन गट होते. एका गटाच्या सांध्यातला खराब भाग काढून साफसफाई केली, दुसऱ्याचा सांधा नुसता धुतला आणि तिसऱ्या गटाच्या गुडघ्यावर केवळ कातडीपुरते छेद घेतले, आत दुर्बीण घातलीच नाही. प्रत्येक रुग्णाला आपल्या केसपेपरवर स्वतःच्या हाताने लिहून द्यावे लागले की, मला कदाचित फक्त दिखाऊ शस्त्रक्रिया मिळेल आणि तिने माझा संधिवात बरा होणार नाही. पात्र ठरलेल्या 324 जणांपैकी 144 जणांनी, म्हणजे 44 टक्क्यांनी, भाग घ्यायला नकार दिला. जे राहिले त्यांच्यात दोन्ही खऱ्या शस्त्रक्रिया दिखाऊ शस्त्रक्रियेपेक्षा सरस ठरल्या नाहीत, आणि जगभर सर्रास होणाऱ्या एका शस्त्रक्रियेवर त्यामुळे प्रश्नचिन्ह लागले. इतके नकार येऊनही विज्ञानाचे काम अडले नाही. ते वाक्य स्वतःच्या अक्षरात लिहिताना माणूस पेन थांबवून विचार करतो. छापील वाक्याखाली सही करताना तो तसा थांबेलच असे नाही.

आता तुमच्यासमोरचा एखादा अहवाल डोळ्यांपुढे आणा: साठ जणांना विचारले, साठही जण तयार झाले. कदाचित त्या आजारावर दुसरे काहीच उपलब्ध नसेल. कदाचित ट्रायल इतकी निरुपद्रवी असेल की नाही म्हणायला कारणच नसेल. पण तिसरीही शक्यता आहे: नाही म्हणायला जागाच नव्हती. तिन्हींत फरक करायचा तर आतले कागद पाहावे लागतात.

सुरुवात करा स्क्रीनिंग लॉगपासून. बहुतेक केंद्रांवर ही नोंदवही असतेच. तपासून पाहिलेले, अपात्र ठरलेले आणि घेतलेले यांचे रकाने भरलेले असतात. नकार दिलेल्यांचा रकाना रिकामा असतो, किंवा तो 'इतर' या सदरात मिसळलेला असतो. तो वेगळा करायला सांगा. नाव नको, कारणाची सक्ती नको, कारण 'का नाही?' असे खोदून विचारणे हाही दबावच आहे. तारीख, वेळ, कोणत्या भाषेत बोलणे झाले आणि संमती मागणाऱ्याची आद्याक्षरे, एवढे पुरे. महिन्याभराच्या नोंदी एकत्र ठेवल्या की चित्र उमटू लागते. एकाकडे दहातले तीन नकार देतात आणि दुसऱ्याकडे कधीच कोणी देत नाही. सकाळच्या ओपीडीत नकार येतात, पण भरती झालेल्या रुग्णांकडून येत नाहीत. एका भाषेत बोलणाऱ्यांकडून येतात, भाषांतर करून सांगावे लागणाऱ्यांकडून येत नाहीत. यातून कोणाचा गुन्हा सिद्ध होत नाही. कुठल्या केंद्रावर, कुठल्या वेळी जाऊन बसायचे, हे मात्र तुम्हाला कळते.

दुसरा कागद म्हणजे सहीची वेळ. संमतीपत्रावर तारखेसोबत वेळही असू द्या, आणि ती सहभागीने स्वतः लिहिलेली असू द्या. मग साधा हिशेब करा. 20 पानी माहितीपत्रक, पानाला सुमारे 300 शब्द, म्हणजे 6,000 शब्द. मिनिटाला 150 ते 200 शब्द या बेताच्या वेगाने नुसते वाचायलाच 30 ते 40 मिनिटे लागतात, प्रश्न विचारायला त्याहून जास्त. माहितीपत्रक 10.05 ला हातात दिले, सही 10.20 ला झाली आणि पहिला रक्तनमुना 10.25 ला घेतला, अशी नोंद असेल तर त्या कागदावरचा प्रत्येक शब्द शुद्ध असून उपयोग नाही. रक्तनमुन्याच्या नळीवरची वेळ सहीच्या आधीची निघाली तर तो सरळ नियमभंग आहे. तिसरी खूण साक्षीदाराची. वाचता न येणाऱ्या सहभागीच्या अंगठ्याशेजारी निःपक्ष साक्षीदाराची सही लागते. चाळीस अंगठ्यांशेजारी वॉर्डातल्या एकाच कर्मचाऱ्याची सही दिसली, तर तो साक्षीदार कुणाच्या बाजूने बसला होता ते विचारा.

संमती मागणारा कोण, हा प्रश्न सर्वांत अवघड आहे, आणि आमच्यातलेच अनेकजण तो टाळतात. रुग्णाचे डॉक्टरच जेव्हा प्रमुख संशोधक असतात, तेव्हा एकाच माणसाला दोन मालक असतात. उपचार करणाऱ्याने समोरच्या रुग्णासाठी उत्तम ते निवडायचे असते. संशोधकाने प्रोटोकॉलमध्ये लिहिले आहे तेच द्यायचे असते, आणि अनेकदा कोणाला काय मिळते आहे हे त्यालाही ठाऊक नसते. रुग्णाला ही अदलाबदल दिसत नाही. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ पॉल अ‍ॅपेलबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 साली या गोंधळाला नाव दिले. मराठीत त्याला 'उपचाराचा गैरसमज' म्हणता येईल: सगळी माहिती ऐकूनही सहभागी असे धरून चालतो की, इथे जे काही ठरते ते माझ्या भल्यासाठी, माझ्याकडे पाहून ठरते. संगणक माझ्यासाठी योग्य औषध निवडतो, असेही लोक समजतात. 'रँडमायझेशन'चा कितीही सुंदर मराठी प्रतिशब्द छापला तरी हा समज जात नाही. 'नाणे उडवून ठरवतात, तुमच्या आजाराकडे पाहून नाही' असे तोंडाने सांगितल्यावर तो हलतो.

यावर 'डॉक्टरांनी संमती घेऊ नये' असा नुसता नियम करून भागणार नाही. औषधाचे धोके डॉक्टरच नीट सांगू शकतात. आमच्या मते कामाची वाटणी अशी असावी: अशी एक ट्रायल चालू आहे एवढेच उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी सांगावे आणि वैद्यकीय शंकांना उत्तरे द्यावीत. सविस्तर बोलणे आणि सही, उपचारांशी संबंध नसलेल्या प्रशिक्षित व्यक्तीकडे असावी. नकार आला तर तोही त्या व्यक्तीलाच कळवता यावा, डॉक्टरांच्या तोंडावर सांगावा लागू नये. आणि सगळ्याच्या आधी एक लहानशी गोष्ट: पुढच्या तपासणीची तारीख आणि चालू औषधांची चिठ्ठी रुग्णाच्या हातात द्यायची, ट्रायलचा विषय त्यानंतर काढायचा. चिठ्ठी खिशात आहे हे ठाऊक असलेला माणूस वेगळ्या आवाजात प्रश्न विचारतो.

बोलणे समजले का हे तपासायला 'समजले ना?' हा प्रश्न निरुपयोगी आहे. त्याला 'हो' हे एकच उत्तर मिळते. त्याऐवजी सहभागीने स्वतःच्या शब्दांत सांगायचे: हे कशासाठी चालले आहे? तुम्हाला कोणते औषध मिळेल हे कोण ठरवणार? नको म्हटले तर तुमच्या उपचारांचे काय होईल? अर्ध्यावर सोडायचे असेल तर काय कराल? यात सर्वांत वाईट काय होऊ शकते? दुसऱ्या प्रश्नाला 'डॉक्टर ठरवतील' किंवा तिसऱ्याला 'मग औषध मिळणार नाही' असे उत्तर आले, तर त्या दिवशी सही घ्यायची नाही. पुन्हा समजावायचे, घरी जाऊन विचार करायला वेळ द्यायचा. चुकलेली उत्तरेही लिहून ठेवायला सांगा. तपासणीला गेलात की पानभर बरोबर उत्तरे पाहण्यापेक्षा ती चूक आणि तिच्यानंतर काय केले ते वाचा.

शब्दांबद्दल एकच आग्रह. संशोधनासाठी केलेल्या कुठल्याही तपासणीला संमतीपत्रात 'उपचार' म्हणू देऊ नका. 1932 ते 1972 अशी चाळीस वर्षे अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात टस्कीगी इथे सिफिलिस झालेल्या 399 कृष्णवर्णीय पुरुषांना उपचार न देता पाहत राहण्यात आले. 1940च्या दशकात पेनिसिलिन प्रस्थापित झाल्यानंतरही त्यांना ते दिले नाही. पाठीच्या मणक्यातून पाणी काढण्याची वेदनादायक तपासणी त्यांना खास मोफत उपचार म्हणून सांगितली गेली होती. त्यांना नकार द्यायची संधी नव्हतीच, कारण आपल्याला काही विचारले जाते आहे हेच त्यांना माहीत नव्हते. माणसांवरील वैद्यकीय संशोधनाची नैतिक तत्त्वे सांगणाऱ्या हेलसिंकी जाहीरनाम्याच्या 2024च्या आवृत्तीने 'ज्यांच्यावर प्रयोग होतो ते' या अर्थाचा जुना शब्द काढून सगळीकडे 'सहभागी' केले. ज्याला सहभागी म्हणायचे, त्याने भाग घ्यायचा नाही असे ठरवले तर त्याचीही नोंद व्हायला हवी.

नकार द्यायला आणखी एक गोष्ट लागते: नकार देण्यासारखे काय आहे हे ठाऊक असणे. इथे संमतीपत्राची भाषा कितीही सोपी केली तरी ती गोष्ट त्यात येत नाही, कारण ती प्रोटोकॉलच्या संख्याशास्त्राच्या पानावर असते. 'कमी नाही' हे सिद्ध करायच्या ट्रायल घ्या. समजा आजच्या प्रतिजैविकाने 100 पैकी 90 रुग्ण बरे होतात. नवे औषध 'त्याहून कमी नाही' असे दाखवायचे आहे, आणि त्यासाठी 10 टक्के बिंदूंची सूट ठरवली आहे. याचा अर्थ, मिळालेल्या फरकाच्या अंदाजाचे खालचे टोक उणे 10च्या वर राहिले की ट्रायल यशस्वी. म्हणजे प्रत्यक्षात 100 पैकी 80 च्या थोडे वरच रुग्ण बरे होत असले, तरी ते या चौकटीत बसू शकते. बदल्यात काही मिळत असेल, म्हणजे इंजेक्शनाऐवजी गोळी, दहा दिवसांऐवजी पाच, किंवा मूत्रपिंडाला कमी त्रास, तर अनेकजण आनंदाने तयार होतील. काहीजण होणार नाहीत, आणि तो त्यांचा हक्क आहे. पण ही सूट संमतीपत्रात आमच्या पाहण्यात जवळजवळ कधीच नसते. तिथे लिहिलेले असते, 'दोन औषधांची तुलना करण्यासाठी'. त्याऐवजी असे लिहा: 'नवे औषध आजच्या औषधापेक्षा थोडे कमी गुणकारी असू शकते. 100 पैकी जवळपास 10 रुग्णांपर्यंतचा तोटा आम्ही चालण्याजोगा मानला आहे, कारण नवे औषध पाचच दिवस घ्यावे लागते.' हे वाक्य लिहिताना संशोधक अडखळला, तर अडचण वाक्यात नाही, त्या दहाच्या आकड्यात आहे. तो आकडा कुठून आला ते तिथल्या तिथे विचारा. आणि आजचे तुलनेचे औषध स्वतः अशाच ट्रायलमधून आलेले आहे का, हेही विचारा. नाहीतर दर पिढीत थोडे थोडे घसरत आपण बरेच खाली येतो आणि प्रत्येक पायरीवर 'कमी नाही' असेच लिहिलेले असते.

तुलनेचे औषध योग्य मार्गाने दिले जाते का, हीसुद्धा तशीच दडलेली बाब. बुरशीच्या संसर्गावरील फ्लुकोनॅझोलच्या काही ट्रायलमध्ये तुलनेसाठीचे अ‍ॅम्फोटेरिसिन बी तोंडावाटे दिले गेले होते. तोंडावाटे ते शरीरात जेमतेम शोषले जाते. 1999 साली त्या सगळ्या ट्रायल एकत्र तपासताना हे पुढे आले. समितीत एक औषधशास्त्रज्ञ असेल तर त्याला एवढेच विचारायला हवे: तुम्ही तुमच्या रुग्णाला हे औषध याच डोसमध्ये, याच मार्गाने द्याल का?

प्लासिबोबद्दल, म्हणजे औषधासारख्या दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळीबद्दल मात्र समित्यांचा कल कधीकधी उलट्या बाजूने चुकतो. 'रुग्णाला काहीच न देणे' ऐकायला क्रूर वाटते, म्हणून प्लासिबोचा गट दिसला की भुवया उंचावतात. 1980च्या दशकात हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांच्या हृदयाचे जादा ठोके दाबण्यासाठी एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड वापरली जात. हे जादा ठोके थांबतात हे ईसीजीवर दिसत होते, तेव्हा माणूसही वाचत असणार असे सर्वांना वाटत होते. अशा रुग्णांना प्लासिबो देणे अनैतिक आहे, असे अनेक डॉक्टरांचे प्रामाणिक मत होते. कास्ट या नावाने ओळखली जाणारी ट्रायल तरीही झाली. सरासरी 10 महिन्यांत औषधाच्या गटातल्या 755 पैकी 63 जण दगावले आणि प्लासिबोच्या गटातल्या 743 पैकी 26. ठोके दबले होते आणि माणसे मरत होती. ट्रायलबाहेर हीच औषधे घेणाऱ्यांची गणती त्यात नाही. तज्ज्ञांमध्ये खरोखर एकमत नसेल, किंवा एकमत असूनही त्याला मृत्यूच्या आकड्यांचा आधार नसेल, तर प्लासिबो योग्य ठरू शकतो. वैद्यकीय नीतिशास्त्राचे अभ्यासक बेंजामिन फ्रीडमन यांनी 1987 साली मांडलेला निकष आम्हाला अजूनही सर्वांत उपयोगी वाटतो: एका डॉक्टरला काय वाटते हे पाहू नका, वैद्यकीय समुदायात त्या प्रश्नावर प्रामाणिक मतभेद आहे का ते पाहा.

पण जिथे मतभेद उरलेला नाही, तिथे काय? 1994 साली एका ट्रायलने दाखवले की, एचआयव्ही असलेल्या गरोदर स्त्रीला झिडोव्हुडीन या विषाणूविरोधी औषधाचा पूर्ण क्रम दिला तर बाळाला संसर्ग होण्याचे प्रमाण 25.5 टक्क्यांवरून 8.3 टक्क्यांवर येते. हा क्रम लांब आणि महाग होता: गरोदरपणात गोळ्या, बाळंतपणात शिरेतून औषध, नंतर सहा आठवडे बाळाला. म्हणून गरीब देशांत छोट्या क्रमाच्या ट्रायल सुरू झाल्या आणि त्यांतल्या अनेकींत दुसऱ्या गटाला प्लासिबो होता. 1997 साली त्यावरून मोठा वाद पेटला. समर्थक म्हणत, तिथे आज काहीच मिळत नाही, मग 'काहीच नाही'शी तुलना केल्याशिवाय छोटा क्रम उपयोगी आहे हे लवकर आणि खात्रीने कळणार कसे? विरोधक म्हणत, औषध आहे हे ठाऊक असताना बाळांना त्यावाचून ठेवता येणार नाही, लांब आणि छोट्या क्रमाची आपसात तुलना करा. दोन्ही बाजूंना आकडेमोडीचा आधार होता. आमचे मत विरोधकांच्या बाजूचे आहे, आणि कारण पुन्हा नकाराचेच. ज्या दवाखान्यात ट्रायलबाहेर काहीही मिळत नाही, तिथे आईला निवडायचे असते 'निम्मी आशा' आणि 'शून्य आशा' यांतून. तिथे नकाराचा आकडा शून्य येणारच. अशा वेळी संमतीपत्राच्या आधारे मान्यता देता येत नाही. ट्रायलची रचना स्वतःच्या पायावर न्याय्य आहे का, हे समितीलाच ठरवावे लागते, आणि ट्रायल संपल्यावर औषध तिथे पोचवणार कोण, हे मान्यतेआधी लेखी घ्यावे लागते.

नकार एकदाच द्यायचा असतो असेही नाही. जानेवारी 2016 मध्ये फ्रान्समधल्या रेन शहरात निरोगी स्वयंसेवकांवर एका नव्या औषधाची पहिली ट्रायल चालू होती. रोज डोस घेणाऱ्या गटांपैकी सर्वांत मोठ्या डोसच्या गटातल्या एकाला 10 जानेवारीच्या संध्याकाळी रुग्णालयात हलवले. दुसऱ्या दिवशी सकाळी गटातल्या बाकीच्यांना पुढचा डोस दिला गेला, आदल्या रात्री काय घडले ते न सांगता. तो पहिला स्वयंसेवक वारला आणि इतरांपैकी काहींच्या मज्जासंस्थेला इजा झाली. त्यांच्या सह्या कायद्याने शाबूत होत्या. त्या सकाळी त्यांना विचारले असते तर किती जणांनी हात पुढे केला असता? म्हणून प्रोटोकॉलमध्ये हे कलम शोधा: डोसगटातल्या कोणालाही रुग्णालयात दाखल करावे लागले, तर सगळ्यांचा पुढचा डोस आपोआप थांबेल आणि काय घडले ते सांगून नवी संमती घेतल्याशिवाय सुरू होणार नाही. 'प्रमुख संशोधक निर्णय घेतील' एवढेच लिहिले असेल तर रात्री दोन वाजता तो निर्णय कोण घेणार, औषधाच्या कपाटाची किल्ली कोणाकडे, हे विचारा.

पहिल्यांदाच माणसाला दिल्या जाणाऱ्या औषधात दोन डोसांमधले अंतरही तपासा. लंडनमध्ये मार्च 2006 मध्ये टीजीएन 1412 हे प्रतिपिंड सहा तरुणांना ओळीने, साधारण दहा-दहा मिनिटांच्या अंतराने दिले. माकडांत सुरक्षित ठरलेल्या डोसच्या 500 पट कमी डोस होता. पहिल्याच्या शरीरात काय उलथापालथ होते आहे हे कळण्याआधीच पुढच्यांना औषध गेले होते. सहाही जणांना अतिदक्षता विभागात न्यावे लागले. पहिल्या एकाला डोस देऊन पुरेसा वेळ थांबणे, याला खर्च जवळजवळ काही नाही.

ज्यांना नकार देताच येत नाही, त्यांच्या बाबतीत तुम्हीच त्यांच्या वतीने बोलत असता. तिथे तुमच्या हातात मोजमाप हवे. नवजात बालकांच्या अभ्यासात रक्ताचा हिशेब मिलिलिटरमध्ये मागा. बाळाचे एकूण रक्त दर किलोला 80 ते 90 मिलिलिटर असते. युरोपातल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनासाठी एका वेळी त्याच्या 1 टक्क्याहून आणि चार आठवड्यांत 3 टक्क्यांहून जास्त रक्त घेऊ नये. एक किलो वजनाच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा हिशेब करा: एका वेळी 0.8 ते 0.9 मिलिलिटर, महिन्याभरात फार तर 2.7. आता प्रोटोकॉलमध्ये अर्ध्या मिलिलिटरचे सहा नमुने लिहिले असतील तर ते तीन मिलिलिटर झाले. शिरेतल्या नळीतून नमुना घेताना आधीचे सलाईनमिश्रित रक्त फेकून दिले जात असेल तर तेही याच हिशेबात धरायचे. प्रोटोकॉल लिहिणारा ते धरत नाही. बाळाला ते धरल्यावाचून गत्यंतर नाही. उपचारासाठी घेतलेल्या नमुन्यातूनच उरलेला थेंब वापरता येईल का, प्रयोगशाळेकडे सूक्ष्म नमुन्याची पद्धत आहे का, हे दोन प्रश्न विचारले की अनेकदा सहाचे तीन होतात.

तातडीच्या वेळी तर नीट विचारायलाही उसंत नसते. केनिया, टांझानिया आणि युगांडात झालेल्या आणि 2011 साली प्रसिद्ध झालेल्या फीस्ट ट्रायलमध्ये तीव्र ताप आणि रक्ताभिसरण मंदावलेली 3,141 मुले होती. शिरेतून झपाट्याने सलाईन किंवा अल्ब्युमिन देणे हे जीवदान आहे, असा सार्वत्रिक समज होता. झपाट्याने द्रव न दिलेल्या गटात 48 तासांत 7.3 टक्के मुले दगावली, द्रव दिलेल्या दोन गटांत 10.6 आणि 10.5 टक्के. मूल तडफडत असताना आईपुढे वीस पाने ठेवणे अमानुष ठरले असते, म्हणून आधी तोंडी परवानगी आणि मूल स्थिरावल्यावर सविस्तर संमती, अशी दोन टप्प्यांची वाट ठेवण्यात आली होती. ही वाट आम्हाला मान्य आहे, पण तिच्यासाठीही रकाना लागतो. पहिल्या टप्प्यावर किती पालकांनी नाही म्हटले आणि दुसऱ्या टप्प्यावर किती जणांनी मुलाला बाहेर काढले? दुसरा आकडा कायम शून्य असेल, तर दुसरा टप्पा ही नुसती सहीची औपचारिकता झाली आहे का, ते तपासा.

आणि तुमचा स्वतःचा नकार. समितीने परत पाठवायलाच हव्यात अशा ट्रायल धोकादायकच असतात असे नाही. काही नुसत्या लहान असतात. मृत्यूचे प्रमाण 20 टक्क्यांवरून 15 वर येईल अशी आशा असेल आणि तो फरक 80 टक्के खात्रीने पकडायचा असेल, तर प्रत्येक गटात सुमारे 900 रुग्ण लागतात. 60-60 रुग्णांच्या ट्रायलमध्ये, औषध खरोखर तेवढे चांगले असले तरी, ते दिसून येण्याची शक्यता जेमतेम 11 टक्के. म्हणजे 120 माणसांनी सुया टोचून घ्यायच्या, फेऱ्या मारायच्या, धोका पत्करायचा आणि दहातल्या नऊ वेळा हाती काहीच लागायचे नाही. 'पदव्युत्तर प्रबंध आहे, सोडून द्या' म्हणत असा अभ्यास मंजूर करू नका. अनेक केंद्रांनी मिळून करायला सांगा, किंवा प्रश्न बदलायला सांगा. अधूनमधून निकाल डोकावून पाहण्याचेही तसेच. खरा फरक नसतानाही पाच वेळा डोकावले आणि दर वेळी नेहमीचा 5 टक्क्यांचा निकष लावला, तर खोटा 'फरक' सापडण्याची शक्यता 14 टक्क्यांवर जाते. मध्यंतरी किती वेळा पाहणार आणि कोणत्या निकषावर थांबणार, हे पहिला सहभागी घेण्याआधी लिहिलेले हवे, आणि पाहणारी समिती प्रायोजकाच्या पगारावरची नसावी.

एक भीती आम्हालाही आहे. नकाराचा आकडा मागितला की उद्या तो 'किमान 10 टक्के' असा दंडक होईल आणि परवा समन्वयक बसून खोटे नकार लिहितील. म्हणून कुठलीही किमान मर्यादा घालू नका. कमी नकार म्हणजे दोष आणि जास्त नकार म्हणजे पुण्य, असेही मानू नका. एखाद्या केंद्रावर नकार फार येत असतील तर तिथे ट्रायलबद्दल अफवा पसरली असेल, किंवा तपासण्यांसाठी इतक्या खेपा असतील की रोजंदारीवरच्या माणसाला परवडत नाही. तेही कळायला हवेच. मात्र संमती मागणाऱ्याला डोक्यामागे रक्कम मिळत असेल, तर ती व्यवस्था आधी बंद करायला लावा, कारण तिच्या सावलीत कुठलाच आकडा खरा राहत नाही. सहभागीला द्यायचा प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी दर भेटीला द्यायची. शेवटच्या भेटीपर्यंत रोखून धरलेली रक्कम म्हणजे मधूनच निघून जाण्यावरचा दंड आहे.

तुमच्या पुढच्या बैठकीत जो पहिला प्रगती अहवाल येईल, त्याच्या मुखपृष्ठावर एवढ्या चार ओळी मागा: किती जणांना विचारले, किती जणांनी सहीआधी नकार दिला, किती जणांनी सही करूनही पहिल्या डोसआधी माघार घेतली, किती जण नंतर स्वतःहून बाहेर पडले. या चारही आकड्यांचा हिशेब स्क्रीनिंग लॉगशी जुळतो का ते सचिवांनी बैठकीआधी पाहावे. जुळत नसेल तर अहवाल परत पाठवावा, आणि जुळत असेल तर कोणत्याही एका नकाराच्या दिवशी त्या रुग्णाला पुढच्या तपासणीची तारीख मिळाली होती का, तेवढे ओपीडीच्या नोंदवहीत शोधायला सांगावे.

आपले,
क्लिनिकल संशोधनात काम करणारे काही डॉक्टर, परिचारिका, समन्वयक आणि संख्याशास्त्रज्ञ